झिपरीची अंडी

२० नोव्हेंबर, बालाघाट

बायांनो, कोंबडी तुम्ही वाढवता. घारीच्या नजरेतून पिल्लू तुम्ही वाचवता, मुंगसाच्या तोंडातून तुम्ही ओढून काढता, पावसात चुलीजवळ टोपलीखाली तुम्ही झाकून ठेवता. पण तिच्या मानेवर सुरी कधी ठेवायची, हे तुम्हाला कोणी विचारतं का? जावई आला, कापा. साहेब आला, कापा. स्वतः वाढवलेली कोंबडी स्वतःच्या हातानं शिजवून शेवटी स्वतःच्या ताटात फक्त रस्सा घेतला नाही, अशी एक तरी बाई इथे आहे का?

रविवारच्या सभेची सुरुवात अशी करायची. गोंदियाहून येताना गाडीतच सुचली. शेजारची बाई माझे हलणारे ओठ बघून जरा सरकून बसली!

घर छान मिळालंय. किरनापूरच्या रस्त्याला, वस्तीच्या टोकाशी. मालक पुनाराम आणि त्यांची बायको ललिताताई मागच्या खोल्यांत राहतात, पुढच्या दोन माझ्या. मध्ये आंगण, आंगणाच्या कोपऱ्यात जांबाचं झाड. खोक्यांत भांडी कमी आणि पुस्तकं जास्त. पुनारामांनी एक खोकं खांद्यावर घेतलं आणि विचारलं, ‘मॅडम, घर बांधाले विटा घेऊन आल्या का?’ मशीन मात्र मी कोणाच्या हातात दिलं नाही. तुमसरपासून मांडीवर धरून आणलं. थर्माकोलची पेटी, आत छोटा पंखा, उष्णता राखणारी तार आणि वरून बघायला काच. संस्थेनं मला याच कामासाठी पाठवलंय. वस्तीतल्या बायांना घरच्या घरी अंडी उबवायला शिकवायचं. म्हणजे खुडूक झालेली, अंडी देणं थांबवून उबवायला बसलेली कोंबडी आठवडेच्या आठवडे अडून राहणार नाही, ती पुन्हा अंडी देईल, आणि पिल्लांचा धंदा बाईच्या हातात राहील.

इथे लिहायला हरकत नाही की मी स्वतः आजवर एकही अंडं उबवलेलं नाही. वाचलं मात्र सगळं आहे.

ललिताताई कमी बोलतात. त्यांची एक कोंबडी आहे, झिपरी. तिची सगळी पिसं उलटी, मागून वारा सुटल्यासारखी. मी सामान लावत होते तोवर ती पुस्तकांच्या खोक्यावर चढून बसली आणि उठेना. मी तिला म्हटलं, वाच बाई, वाच. किती दिवसांनी मी अशी एकटी हसले.

२३ नोव्हेंबर

सभा जिंकली. दुसरा शब्द नाही.

पन्नासेक बाया होत्या. माईक नव्हता आणि लागलाही नाही. ‘तुम्हाला कोणी विचारतं का?’ मी दोनदा विचारलं. मग कोणीतरी मागून ‘नाई विचारत बाप्पा!’ म्हणालं आणि टाळ्या सुरू झाल्या. पुष्पलता म्हणून एक आहे, गल्लीच्या तोंडाशी चहाचं दुकान चालवते, तिच्या जिभेला हाड नाही. तिनं विचारलं, मशीन पिल्लांना चारा दाखवायला आंगणभर फिरतं का? आणि घार आली तर पंख पसरतं का? सगळ्या हसल्या, मीही हसले. अशा प्रश्नांनी सभा माझी होते हे मला माहीत आहे.

मग विचारलं, पहिली अंडी कोणाची? ललिताताईंची झिपरी कालच खुडूक होऊन टोपलीत बसली होती. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्या हळूच म्हणाल्या, या खेपेला तिला बसू द्या, पुढच्या खेपेला मशीनमध्ये ठेवू. ते मला एकटीलाच ऐकू आलं होतं. मी मात्र उत्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं दिलं. म्हटलं, बाईच्या मोकळेपणाची सुरुवात तिच्या कोंबडीपासून करू या, झिपरीला मोकळं करा! पुन्हा टाळ्या. ललिताताई उठल्या.

झिपरी सहज उठली नाही. अंगाखाली हात घालून उचलावं लागलं. तिनं ललिताताईंच्या मनगटावर टोच मारली, रक्त आलं. ताईंनी ते पदराला पुसलं. मग कोळशानं प्रत्येक अंड्यावर खूण केली, चिमणीच्या पायासारख्या तीन रेघा. इथे तशी रीतच आहे, म्हणजे उबवायला ठेवलेल्या अंड्यांत नवं अंडं मिसळत नाही. नऊ अंडी. माझ्या ओंजळीत आली तेव्हा चांगलीच गरम होती.

त्या क्षणी काहीतरी बरं वाटलं नाही. पण टाळ्या वाजत होत्या.

२५ नोव्हेंबर

माझ्या खोलीत विजेचा बोर्ड एकच आहे. त्यात मशीनची पिन. स्वयंपाक लाकडावर, मोबाइल ललिताताईंच्या घरात चार्ज करते. काटा साडेसदतीसवर ठेवलाय. सकाळी, दुपारी, संध्याकाळी अंडी हलक्या हातानं फिरवते. कोंबडी ते चोचीनं करते. खालच्या तबकात पाणी भरायचं, म्हणजे आतली हवा ओली राहते. एकवीस दिवस हे चालायचं.

काम सोपं आहे, मला फार आवडतंय. पेटीजवळ बसून भाषणं म्हणते. ऐकणारे नऊ जण आहेत आणि कोणी मध्ये उठून जात नाही.

झिपरी रिकाम्या टोपलीतच बसते. तिथून हाकललं तर धोंड्यावर बसते. अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून. खुडूक मोडायला कोंबडीला गार पाण्यात बुचकळतात. पुनाराम तसं करा म्हणाले, ललिताताई ऐकून न ऐकल्यासारखं करून निघून गेल्या. दुपारी झिपरी माझ्या उंबऱ्यात येऊन उभी राहते आणि पेटीकडे बघत घशातल्या घशात कुर्र कुर्र करते. आत मात्र येत नाही.

२९ नोव्हेंबर

आज अंडी उजेडात बघितली. खोलीची खिडकी झाकली, टॉर्चच्या तोंडावर पुठ्ठ्याला भोक पाडून लावलं आणि त्यावर अंडं धरलं. बाया एकमेकींना ढकलत होत्या. अंड्यात लालसर उजेड पसरला आणि त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या. मधोमध एक काळा ठिपका, डोळ्याचा. तो ठिपका हलला.

सगळ्या अंड्यावर वाकल्या. पुष्पलतासुद्धा.

मी तिथेच माझं आवडतं वाक्य म्हटलं. कोणी सांगितलं म्हणून मानू नका, बघा. बघा, तपासा, मग माना. याच एका वाक्यासाठी मी वीस वर्षं गावोगाव घसा फोडतेय. आज पहिल्यांदा वाटलं की ते वाक्य हातात धरता येतं, आणि ते ऊबदार असतं.

नऊच्या नऊ जिवंत आहेत. ललिताताईंनी एक अंडं मागून घेतलं, डोळ्याशी धरलं. म्हणाल्या, ‘हालून राह्यलं.’ मग आपणहून बोलल्या, पहिल्यांदाच इतकं. उलट्या पिसांची ही जात त्यांच्या आईनं लग्नात दिली होती, बिरश्याकडच्या त्यांच्या माहेरून. आई गेली. माहेरीही आता तशी कोंबडी उरली नाही. सगळीकडून संपत संपत एक झिपरी राहिली आहे. आणि आता ही नऊ.

१ डिसेंबर

काल पुनारामांनी जेवायला बोलावलं. वस्तीत एवढं मोठं काम सुरू केलं, म्हणून मॅडमचा पाहुणचार. तांदळाची भाकर आणि गावरान कोंबडीचा रस्सा. रस्सा असा झाला होता की मी दोनदा मागून घेतला. मांडीचा तुकडा त्यांनी आग्रहानं माझ्या ताटात घातला. ललिताताई वाढत होत्या. शेवटी त्या बसल्या तेव्हा त्यांच्या ताटात मला फक्त रस्सा दिसला. दिसला, आणि मी जेवत राहिले.

आज सकाळी राखेच्या ढिगावर पिसं होती. उलटी, वळलेली.

पुनारामांना विचारलं. त्यांना काही वावगं वाटलंच नाही. उलट तेच खुशीत होते. ‘तुमीच तं म्हनलं मॅडम, बसून राह्यली कोंबडी बिनकामाची. पिल्लं आता मशीन काढते. मंग तिचं काय काम?’

ललिताताई पाठमोऱ्या भांडी घासत होत्या. त्यांना विचारलं होतं का? हे मी त्यांना विचारायला हवं होतं. माझ्या भाषणाचा पहिलाच प्रश्न आहे तो. पन्नास बायांसमोर जे म्हणता आलं, ते एका बाईसमोर मला म्हणता आलं नाही.

त्यांच्या मनगटावर ती टोच अजून दिसते. खपली धरली आहे.

२ डिसेंबर

ललिताताईंना शब्द दिला, झिपरीची नऊ पिल्लं तुमच्या पदरात घालीन. माझी चूक मी अशी भरून काढीन. त्या म्हणाल्या, ‘हौ.’ एवढंच.

रात्रंदिवस पेटीकडे लक्ष आहे. आता भाषण म्हणवत नाही तिच्यापाशी.

६ डिसेंबर, संध्याकाळ

आत्ता बिरश्याहून आले. पिन जमिनीवर पडली आहे.

घडलं ते नीट लिहिते. लिहिलं नाही तर मी ते बदलून टाकीन, मला माझी ओळख आहे.

काल दुपारी आंगणात दुसरी सभा होती. या वेळी तीन वस्त्यांच्या बाया आल्या होत्या, म्हणून माईक आणला. माईकवाल्यानं विचारलं, पिन कुठं लावू. त्याची तार माझ्या खोलीपर्यंतच पुरत होती, आणि तिथे बोर्ड एकच. मशीनची पिन माझ्या हातानं मी काढली. पाच-दहा मिनिटं बोलून परत लावू, असा हिशेब केला. मग बोलायला उभी राहिले. सभा रंगली आणि मी थांबले नाही. आजच्या अभिवादन सभेसाठी मला बिरश्याला मुक्कामी न्यायला आलेली जीप दारात हॉर्न वाजवत होती, बाया हात हातात घेत होत्या, एक म्हातारी तर रडली. मी टाळ्यांतून चालत तशीच जीपमध्ये जाऊन बसले. माईकवाला आपलं सामान घेऊन गेला. माझं दार ललिताताईंनी बाहेरून लावून घेतलं. त्यांना काय माहीत.

आणि आज सकाळी बिरश्याला, आजच्या या दिवशी, निळ्या झेंड्याखाली उभी राहून मी जबाबदारीवर बोलले. तासभर. लोक उभे राहून ऐकत होते.

पेटी गार आहे. अंडी नदीतल्या गोट्यांसारखी गार. खोलीत डिसेंबरची थंडी भरली आहे.

उद्या दुपारी बाया अंडी बघायला येणार आहेत.

७ डिसेंबर

टॉर्च टेबलावर होता. हात लांबवला असता तर मिळाला असता.

मी तो उचलला नाही. मेलेली दिसली असती तर ते बघावं लागलं असतं. मेलीच असणार, असं मी मला सांगितलं, आणि मी सांगितलं म्हणून मी मानलं.

उजाडल्या उजाडल्या गुजरीत गेले. भाजीवाल्यांच्या रांगेच्या शेवटी एक बाई गावरान अंडी घेऊन बसते. त्याच रंगाची, त्याच आकाराची नऊ निवडली. तिनं विचारलं, खायला का बसवायला. मी खायला म्हटलं. ललिताताई नळावर गेल्या होत्या आणि पुनाराम शेतात, तेवढ्यात जांबाखाली खड्डा केला. जुनी नऊ त्यात ठेवली. माती लोटली, वरून पाचोळा पसरला. मग नव्यांवर कोळशानं चिमणीचे पाय काढले. पहिले दोन-तीन बिघडले, पुसून पुन्हा काढले.

दुपारी बाया आल्या. टॉर्चचे सेल संपलेत, असं मी म्हणाले. काचेतूनच दाखवली. त्यांनी मानलं! मी सांगितलं म्हणून मानलं. पुष्पलतानं माझ्यासाठी चहा पाठवला, आलं घालून.

ललिताताई काचेवर हात ठेवून कितीतरी वेळ उभ्या होत्या.

९ डिसेंबर

आज पुस्तकात सापडलं. आधी वाचलेलं होतं, पेन्सिलीची माझीच खूण आहे त्यावर. अंडी गार पडली म्हणजे मेली असं नव्हे. आतला जीव स्वतःला मंद करतो आणि वाट बघतो. एक अख्खी रात्र गार राहिलेली अंडीसुद्धा पुन्हा ऊब मिळाली की पुढे वाढू लागतात. फेकण्याआधी उजेडात बघावीत.

बघावीत.

मी धावत आंगणात गेले. जांबाखाली ललिताताई सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून सरकल्या, बसायला जागा केली. त्यांच्या पायापासून खड्डा हातभरही लांब नव्हता. काय बोलायचं होतं? ताई, जरा उठा, तुमच्या आईच्या कोंबडीची शेवटची पिल्लं मी इथं जिवंत पुरली आहेत?

त्या उठतील मग खणू म्हटलं. त्या उठल्या तोवर पुनाराम आले. ते गेले तोवर पुष्पलता आली. शेवटी आंगण रिकामं झालं, तेव्हा मी दारात उभी होते, फावडं कोपऱ्यात होतं, आणि मी दार लावून घेतलं.

आता दोन दिवस झालेच आहेत, असं स्वतःला म्हटलं. काय राहिलं असणार.

१० डिसेंबर

सकाळी आंगणभर दव होतं. पाटा, दोरीवरचं लुगडं, पाचोळा, सगळं ओलं. जांबाखाली सुपाएवढी जागा कोरडी.

मी हात ठेवला. माती गरम आहे. ओंजळीत आली होती तेव्हा अंडी जेवढी गरम होती, तेवढी.

फावडं आणून उभी राहिले. खणलं आणि एखादं हललं तर? न हललं तर? दोन्हींपैकी काय बघवेल ते मला ठरवता आलं नाही. फावडं परत ठेवलं.

११ डिसेंबर

किरनापूरला सभा. पुष्पलता बरोबर आली होती.

माईक हातात घेतला, ‘बायांनो’ म्हटलं, आणि कर्ण्यातून चिवचिव आली. बारीक, दबलेली, मातीतून आल्यासारखी. मी थांबले, ती थांबली. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा आली. बाया हसायला लागल्या. पुष्पलता पुढच्या रांगेतून ओरडली, ‘काहून ताई, पिल्लं पदरातच घेऊन आल्या का?’ अख्खा मांडव हसला.

माईकवाल्यानं तारा तपासल्या, काही बिघाड नाही म्हणाला. पिन काढली. पिन काढल्यावरही—

मी भाषण न करता खाली उतरले. आयुष्यात पहिल्यांदा.

येताना पुष्पलता माझ्या शेजारी बसली. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि लगेच काढून घेतला, चुलीवरून काढावा तसा.

१२ डिसेंबर

सकाळी जाग आली ती अंथरुणात नाही. जांबाखाली होते. गुडघे पोटाशी, लुगड्याचा घेर चहूकडे पसरलेला, दोन्ही हात अंगापासून जरा वर उचललेले. कधी आले आठवत नाही. उठताना पाय जड झाले. पाय नव्हे, उठायची इच्छाच—

भूक नाही. पाणी नको वाटतं. अंग तापलं आहे पण ताप आल्यासारखं दुखत नाही. केस विंचरले तरी खाली बसत नाहीत, उलटे उभे राहतात.

पुष्पलता आली, बघून हसली. ‘बाप्पा, ताई तं खुडूक कोंबडीवानी बसल्या!’ तिच्यामागे ललिताताई उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

मी हसले बहुतेक. घशातून आवाज आला तो हसण्याचा नव्हता.

१३ डिसेंबर

आज सगळ्यांना ऐकू येतंय. गल्लीभर. बाया कामं टाकून येताहेत, माझ्या खिडकीशी गर्दी. उद्या एकवीस दिवस भरतात, त्याआधीच पिल्लं अंड्यातून बोलायला लागतात, हे मीच त्यांना शिकवलं होतं. ललिताताईंचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता. ‘हौ ताई! आवाज येऊन राह्यला! माह्या झिपरीचे लेकरं बोलून राह्यले!’ त्यांनी माझे दोन्ही हात धरले. भाजले असतील, पण सोडले नाहीत.

पेटी मुकी आहे. मी कान लावला. अंडी एकेक करून शेवटी टॉर्चवर धरली. सेल भरलेले होते, ते कधी संपलेच नव्हते. आत काही नाही. शिरा नाहीत, ठिपका नाही. नऊच्या नऊ, पाण्यासारखी स्वच्छ.

आवाज खोलीत नाही. जमिनीखालून येतोय, आंगणाखालून, उंबऱ्यापर्यंत—

बाया मिठाई आणायला गेल्या आहेत. मला हार घालणार आहेत.

हार.

१४ डिसेंबर

जांबाखाली आहे. पहाटेपासून. उठता येत नाही. कोणी बांधलेलं नाही. खाली गार पडेल म्हणून—

वही मांडीवर आहे. हात चालतो अजून.

ललिताताईंना सांगितलं. सगळं. पिन, टाळ्या, खड्डा, कोळशाच्या खुणा. झिपरीचा मांडीचा तुकडा मला आवडला होता, तेसुद्धा. वाटलं होतं त्या ओरडतील. मला मारतील. मारायला हवं होतं.

त्या शेजारी उकिडव्या बसल्या. मनगटावरचा वण मला दाखवला. म्हणाल्या, ‘थेही उठत नव्हती ताई. तुमच्यासाठी म्या उठवली. सगळ्या पाहून राह्यल्या होत्या, म्हनून उठवली.’

मग थाळीत पाणी आणि मूठभर तांदूळ ठेवले. माझ्यापुढे, जमिनीवर. आणि म्हणाल्या, ‘आता तुमी उठू नका. भरत आले दिवस. बसा.’

रागानं नाही म्हणाल्या. मायेनं म्हणाल्या.

—

बाया आल्या आहेत. फाटकाशी उभ्या आहेत. हार, पेढे. ललिताताईंनी आडवा हात धरलाय. कोणी जवळ येत नाही, शेवटच्या दिवशी बसलेलीला उठवत नाहीत, सगळ्यांना माहीत आहे. पुष्पलतासुद्धा मागे सरली—

खाली हालून राहिलंय. माझ्या अंगाला लागतंय. नऊ आहेत की जास्त, कळत—

मी तोंड उघडते तेव्हा शब्द येत नाही. कुर्र येतं. म्हणून लिहून वही फेकणार आहे तुमच्याकडे. पुष्पलता, तुला वाचता येतं, मोठ्यानं वाच.

बायांनो. तुम्हाला कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. टाळ्या तुमच्या होत्या, अंडी तुमची होती, आणि मी गार पडू दिली, आणि बघितलं नाही. मी म्हणत होते बघा, आणि मीच—

ललिताताई थांबवतील. आज ऐकू नका त्यांचं. या. सगळ्या या. खांद्याला धरून मला उचला. मी चोचीनं— हातानं मारीन, तरी उचला. आणि खणा. फावडं नको, बोटांनी, हळू. जे असेल ते उजेडात धरा. खणा आत्ता, वरची माती फुटतेय, खालून कोणीतरी टोच—